उतारावरचे उणे तीन

तिसऱ्यांदा गाडी मेली तेव्हा स्टामाताने शिवी दिली नाही. मावशी आता खरंच वैतागली आहे हे आरेतीला त्यावरूनच कळलं.

रेडिओवर एवढंच आलं, "गेली. बाजूला घेतेय."

समोर पेलिकन उताराच्या जोरावर मुकाट घरंगळत डांबराच्या कडेला गेली आणि लाल मातीत थांबली. वरून बघितलं तर एखादं मोठं जेवणाचं टेबल उन्हात टाकून दिलंय असं वाटावं अशी ती गाडी. सगळ्या अंगावर काळी सौर पॅनेलं आणि मध्ये काचेचा एक फुगा, त्यात स्टामाताचं डोकं. मागच्या व्हॅनमध्ये पेथरिकने ब्रेक दाबला. तो व्हॅनही चालवायचा, आणि पेलिकनचा सांगाडाही त्यानेच आपल्या शेडमध्ये जोडला होता. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"पुन्हा उतारावरच," आरेती म्हणाली.

"योगायोग," मागच्या सीटवरून लिंडन म्हणाला.

"नाव थांब ठेवलेल्या बाईला गाडीत बसवलं की गाडी थांबणारच," पेथरिक पुटपुटला.

हा विनोद त्यांच्या गावातल्या, पोर्ट ऑगस्टातल्या, शेंबड्या पोरालाही पाठ होता. स्टामाताच्या वडिलांना पाच मुली झाल्या होत्या. सहावी झाल्यावर त्यांनी देवाला कळावं म्हणून तिचं नावच स्टामाता, म्हणजे ग्रीकमध्ये 'थांब', ठेवलं. देवाने ऐकलं, पण स्टामाता काही आयुष्यात कुठे थांबली नाही. तीन-तीन ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक तिने ॲडलेडपासून डार्विनपर्यंत उभी हयात हाकले. या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा तिच्या कमरेला ठाऊक होता. म्हणून तर गावाने मिळून सूर्यावर चालणारी गाडी बांधली, तेव्हा चालवायला कोण बसणार यावर चर्चासुद्धा झाली नाही.

गावातलं कोळशाचं वीजघर बंद पडलं होतं. तिथल्या नियंत्रण कक्षात केस पांढरे केलेला लिंडन वॉरन घरी बसून बायकोचं डोकं खात होता. शेवटी बायकोनेच त्याला पेथरिकच्या शेडमध्ये पाठवलं. गाडीची बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम लिंडनने लिहिला. बॅटरीतून फार करंट ओढला जातोय असं वाटलं की तो एका क्षणात सगळं तोडून टाकायचा. सगळे त्या प्रोग्रामला राखण्या म्हणायचे. आरेती गव्हाच्या गोदामाच्या कचेरीत संगणकाचं काम करायची. मागच्या व्हॅनमध्ये लॅपटॉपवर गाडीचे आकडे वाचणं आणि गरज पडली तर मावशीच्या जागी बसणं, अशी तिच्याकडे दोन कामं होती. दुसऱ्या कामाची पाळी मावशीने अजून येऊ दिली नव्हती.

डार्विन ते ॲडलेड अशी सौर गाड्यांची शर्यत होती आणि डार्विनहून निघाल्यापासून सगळं सुरळीत होतं. काल मुक्काम टेनंट क्रीकला झाला आणि आज सकाळपासून हा ताप सुरू झाला. संध्याकाळी पाचला शर्यतीचं ॲलिस स्प्रिंग्जचं ठाणं बंद होणार. त्याआधी पोचलं नाही तर पेलिकन ट्रेलरवर चढवायची आणि पुढे नुसतं फिरायला आल्यासारखं जायचं. गावाला सांगून निघाले होते, उन्हावर येऊ, ट्रेलरवर नाही.

"ती केबल बघा," रेडिओवर स्टामाता म्हणाली. "काल तुम्ही टेनंट क्रीकला बदललीत ती. हललं की सुटत असणार."

"केबल ठीक आहे," लिंडन म्हणाला. "करंट मोजणारा सेन्सर तापतोय."

"तापतोय म्हणे. तो तापला तर मी काय इथे आइस्क्रीम खातेय?"

पुन्हा सगळी बटणं बंद, थोडी वाट, पुन्हा चालू. तेवढ्यात एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि त्याच्या वाऱ्याने पेलिकन उभी थरथरली. मग ती निघाली. आरेतीने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि गाडी मेली त्या क्षणाआधीचे आकडे काढले.

बॅटरीतून करंट बाहेर जात असला की आकडा अधिक, बॅटरीत येत असला की उणे. चढावर मोटर हावरटासारखी ओढते, आकडा चाळीस-पन्नासपर्यंत जातो. उतारावर मोटरला फारसं काही लागत नाही, वर ऊन रणरणतंय, मग उरलेलं सगळं बॅटरीत यायला लागतं. आत्ताचे आकडे होते अकरा, सहा, दोन, उणे तीन. आणि अंधार. त्याआधीच्या वेळचे नऊ, चार, शून्य, उणे एक. अंधार.

"लिंडन, राखण्या करंट तोडताना कारण सांगतो ना?"

"सांगतो. कमाल मर्यादेच्या वर गेला म्हणतो."

"मर्यादा किती ठेवलीयस?"

"एकशेवीस."

"आणि करंट उणे तीन होता."

लिंडनने चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणून तर म्हणतोय, सेन्सर वेडा झालाय. मध्येच एखादा भलताच आकडा देत असेल, आपल्याला दिसत नाही."

"पण इथे, व्हॅनमध्ये, तीच तपासणी चालू आहे. तूच लिहून दिलीस. तेच आकडे, तीच मर्यादा. ही म्हणते सगळं छान आहे."

"ती पायथनमध्ये लिहिलीय. राखण्या दुसऱ्या भाषेत आहे, सीमध्ये."

"मग? गणित बदलतं का?"

आरेतीने दोन्ही वेळचे आकडे शेजारीशेजारी मांडले. सारखं उतारावरच. सारखं शून्य ओलांडलं की लगेच. वेड्या सेन्सरला शून्य कसं कळणार?

"काल तू प्रोग्राममध्ये काय बदललंस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नीटनेटका केला. वेळ होता म्हणून. गणिताला हात लावलेला नाही."

पेथरिकने आरशातून मागे बघितलं. "आमच्या घरी आई अशीच माझं टेबल नीटनेटकं करायची."

"थांबा," आरेती म्हणाली आणि रेडिओ उचलला. "मावशी, पुढे उतार कधी आहे?"

"दोन टेकाडं गेली की. लांबलचक आहे. का?"

"त्या उतारावर पेडलवरून पाय काढू नकोस. वेग वाढव. मोटरला भरपूर ओढू दे. मी आकडा सांगत राहीन, तो पाचाच्या खाली येऊ द्यायचा नाही."

"म्हणजे उतारावर जोरात पळव असं तू मला सांगतेयस? मला?"

"पाट्यांवरच्या वेगाच्या आत."

"चार वर्षं तुम्ही सगळे मला हळू, हळू म्हणत आलात. लिंडन, ऐकतोयस ना? ही पोर माझ्या बहिणीची शोभते."

"बॅटरी फुकट जाईल," लिंडन म्हणाला.

"एकदाच. मला काहीतरी बघायचंय."

उतार आला. पेलिकन पुढे झेपावली आणि पेथरिकला व्हॅन दामटावी लागली. दोन्ही बाजूंची वाळवीची वारुळं नुसती तांबडी रेघ झाली. आरेती आकडे ओरडून सांगत होती, सात, आठ, सहा, दाब अजून, नऊ. मागे लिंडनने हुश्श केलं. उतार संपला. गाडी चालूच होती.

"मेली नाही," स्टामाता म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच धाप होती. "का मेली नाही?"

"आता उलटं करायचं. पुढे रस्ता रुंद कुठे आहे?"

"झाडं दिसताहेत ना, तिथे."

"तिथे पोचलीस की पाय पूर्ण काढ. उणे होऊ दे. माझा अंदाज खरा असला तर गाडी लगेच मरेल."

"आणि खोटा असला तर?"

"तर मला काही कळत नाहीये."

झाडांजवळ स्टामाताने पाय काढला. चार, दोन, एक, शून्य, उणे एक. अंधार.

आरेतीने मांडीवर थाप मारली. गाडी बंद पडल्याचा इतका आनंद कुणाला झालेला पेथरिकने आजवर पाहिला नव्हता, तसं तो म्हणालाही. ती तोवर मागे वळून लिंडनच्या लॅपटॉपवर झुकली होती. "दाखव. मर्यादा लिहिलीयस ती ओळ."

लिंडनने दाखवली. एकशेवीसच्या त्या ओळीत कालपर्यंत नसलेला एक शब्द पुढे लागला होता, अनसाइन्ड. बिनचिन्हाचा.

"हा का घातलास?"

"मर्यादा कधी उणे असते का? नाही ना. मग तिला उणे व्हायची मुभा कशाला ठेवायची? वाचणाऱ्यालाही कळतं की हा आकडा कधी शून्याखाली जाणार नाही." त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं. "चांगली सवय आहे ती."

"चांगलीच आहे. मीही घातला असता."

ती खोटं बोलत नव्हती. तिने राखण्याच्याच भाषेत, म्हणजे सीमध्ये, चार ओळींचा एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. करंट उणे तीन, चिन्हवाला. मर्यादा एकशेवीस, बिनचिन्हाची. करंट मोठा आहे का? चालवला. पडद्यावर उत्तर आलं, हो.

लिंडन पडद्याकडे बघत राहिला. "पुन्हा चालव."

पुन्हा हो.

मग तिने 'बिनचिन्हाचा' एवढा शब्द काढला. नाही. परत घातला. हो.

"चाळीस वर्षं यंत्रांबरोबर काढली मी," लिंडन हळूच म्हणाला आणि एकदम हसायला लागला. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. "उणे तीन एकशेवीसपेक्षा मोठे. अरे, पण करंट मी चिन्हवालाच ठेवलाय. त्याला कुणी हात लावला?"

"सीने लावला. तुलना करायची तर दोघं एका जातीचे हवेत. एक चिन्हवाला, एक बिनचिन्हाचा, असे समोरासमोर आले की ती भाषा गुपचूप चिन्हवाल्याला बिनचिन्हाचा करून टाकते. विचारत नाही, सांगत नाही. पायथनमध्ये ही दुसरी जातच नाही, म्हणून व्हॅनमधलं गणित बरोबर येतं. रस्टमध्ये लिहिलं असतंस तर ती भाषा अडून बसली असती. म्हणाली असती, आधी तुझ्या हाताने एकाला बदल, मग ये."

दार उघडून स्टामाता आत डोकावली. चेहरा लालबुंद, केस घामाने चिकटलेले, एका हातात थंड कॉफीचा खोका. गाडीबाहेर यायला ती कुणाच्या परवानगीला थांबली नव्हती. "उकललं?"

"उकललं. मावशी, तुझ्या पहिल्या ट्रकला किलोमीटरचं चाकांचं मीटर होतं ना? आकडे गोल फिरायचे ते?"

"होतं."

"ते सगळं शून्यावर असताना एक घर मागे फिरवलं तर?"

"सगळे नऊ." स्टामाताने एक घोट घेतला. "एका शहाण्याने विकायच्या आधी मागे फिरवलं होतं, जरा जास्तच फिरवलं. नवीन ट्रक दहा लाख किलोमीटर चाललेला दिसत होता. आम्ही महिनाभर हसत होतो."

"तसंच झालंय. यंत्राजवळ उण्याची खूण ठेवायला वेगळी जागा नसते. त्याच खाचा, तीच चाकं. उणे तीन म्हणजे शून्यापासून तीन घरं मागे. आपण त्याला उणे तीन म्हणायचं ठरवलं तर ते उणे तीन. आणि उणे असं काही नसतंच असं ठरवलं की तेच चारशे एकोणतीस कोटींच्या वर जातं."

"आणि राखण्याला वाटलं मी बॅटरीतून चारशे कोटी ओढतेय."

"हो."

"बिचारा. मीही गाडी बंद केली असती." तिने लिंडनकडे बघितलं. "म्हणजे केबल ठीक आहे."

"केबल ठीक आहे," लिंडन म्हणाला. "सेन्सरही ठीक आहे. मी नीटनेटका आहे, एवढंच."

"किती वेळ लागेल?" पेथरिकने विचारलं. या सगळ्यात घड्याळाकडे लक्ष असलेला तो एकटाच होता.

इथे जरा वाजलं. लिंडनचं म्हणणं, काल संध्याकाळचं सगळंच पुसून परवाचा प्रोग्राम गाडीत घालू, तो भरवशाचा. आरेती म्हणाली, परवाच्यात नवीन केबलच्या जोडणीचे आकडे नाहीत, ते पुन्हा भरण्यात वेळ जाईल. शब्द एक आहे, तो काढू आणि निघू. लिंडन म्हणाला, "आत्ताच बघितलंस ना एका शब्दाने काय होतं ते?" ती म्हणाली, "म्हणूनच मला माहितीये हा काढल्यावर काय होईल."

स्टामाता म्हणाली, "आत मी बसणार आहे. एक शब्द काढा."

लिंडनने शब्द काढला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याच्या, इशाऱ्यांचं बटण चालू केलं. हे इशारे त्याने मागेच बंद केले होते, फार बडबड करतात म्हणून. आता पडदा वरपासून खालपर्यंत पिवळ्या ओळींनी भरला. चिन्हवाल्याची बिनचिन्हाच्याशी तुलना होतेय, हा इशारा मात्र कुठे उरला नव्हता. "म्हणजे तोच होता, आणि गेला," तो म्हणाला. "बाकीचं रात्रभर वाचीन."

पेलिकनचं टोपण उघडून त्यांनी केबल लावली. माश्या डोळ्यांत, नाकात, लॅपटॉपच्या पडद्यावर. पॅनेलांवर हात टेकला तर चटका बसत होता. आरेती पाठमोरी उभी राहून लॅपटॉपवर सावली धरत होती आणि लिंडन नवा प्रोग्राम आत उतरत असल्याचे टक्के मोजत होता. शंभर झाले. टोपण बंद. स्टामाताने कॉफीचा रिकामा खोका पेथरिकच्या हातात दिला आणि आत सरकली.

पुढचा रस्ता ॲलिसच्या उत्तरेच्या उंचवट्यापर्यंत चढत जातो. त्या सगळ्या वाटेवर सपाट आणि चढच होता, त्यामुळे आपण बरोबर आहोत की नाही हे कुणालाच कळायला मार्ग नव्हता. आकडा चाळीसच्या आसपास रेंगाळत होता. सकाळपासून वाया गेलेला वेळ भरून काढायला स्टामाता गाडी पिळून काढत होती आणि बॅटरीचा काटा खाली खाली चालला होता. आरेतीने हिशोब केला आणि कुणाला सांगितला नाही. उंचवट्यावर पोचू, पण पुढच्या उतारावर गाडी मेली तर पुन्हा उठवायलासुद्धा फारसं काही उरणार नाही.

उंचवटा आला. तिथून रस्ता ॲलिसकडे सैल सोडल्यासारखा खाली जातो.

"आता," रेडिओवर स्टामाता म्हणाली. "पाय काढू?"

आरेतीने लिंडनकडे बघितलं. लिंडनने डोळे मिटून घेतले होते.

"काढ."

"तू वाच, मी ऐकते. इकडे माझ्याने बघवत नाही."

"एकोणीस," आरेती म्हणाली. "बारा. सात. तीन. एक." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "शून्य."

पेथरिकने स्टीअरिंग घट्ट धरलं.

"उणे दोन."

पेलिकन चालत होती.

"उणे पाच. उणे नऊ. मावशी, उणे चौदा."

"मी आहे," स्टामाता म्हणाली. "मी चालतेय. दिवे चालू आहेत, सगळं चालू आहे."

लिंडनने डोळे उघडले आणि समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धडाधड बडवली. पेथरिक म्हणाला, "सीट माझी आहे," पण तोही हसत होता. उणे सतरा. सूर्य उजवीकडे कलला होता तरी अजून भरपूर देत होता, उतार देत होता, आणि वर जाताना रिकामी झालेली बॅटरी थेंब थेंब भरत होती. सकाळपासून दर वेळी याच फुकटच्या कमाईवर राखण्याने त्यांचा गळा धरला होता. आता तो शांत बसून होता. रेडिओवर स्टामाता कुठलंसं लग्नातलं ग्रीक गाणं बेसूर गात होती. तिला थांबवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

ॲलिसच्या ठाण्यावर पंच खुर्च्या आवरायला उठले होते. पेलिकन फाटकातून आत शिरली तेव्हा पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. किती, ते पेथरिकने नंतर बऱ्याच जणांना सांगितलं आणि दर वेळी तो थोडा कमीच होत गेला. नंबर मधलाच होता, वर नाही, खाली नाही. जिंकणारे केव्हाच पुढे गेले होते. पण गाडी स्वतःच्या चाकांवर आली होती.

स्टामाताला फुग्यातून बाहेर काढायला दोघं लागले. तिचे पाय आखडले होते. सावलीत बसून तिने दोन बाटल्या पाणी प्यायलं, तिसरी डोक्यावर ओतली आणि आरेतीला जवळ बोलावलं.

"उद्या सकाळी तू बस."

"मी? मावशी, रस्ता तुला माहीत आहे."

"रस्ता सरळ आहे, त्यात माहीत असण्यासारखं काय आहे. मी व्हॅनमध्ये बसते. लिंडन त्याचे पिवळे इशारे मला वाचून दाखवणार आहे म्हणे. झोप छान लागेल."

"आणि मी चुकले तर?"

"तर मी रेडिओवर शिव्या घालीन. आज सकाळपासून साठल्यात."

रात्री आरेतीला तंबूत झोप लागली नाही. सकाळी ती कॉफी न पिताच फुग्यात जाऊन बसली. शहराबाहेर डोंगरातल्या खिंडीतून रस्ता निघाला, पेलिकन हलकी, कोवळ्या उन्हात चकचकीत. पहिला छोटासा उतार दिसला. तिने पाय काढला आणि समोरच्या चिमुकल्या पडद्यावर डोळे लावले. चार. एक. उणे दोन. मोटर शांतपणे गुणगुणत राहिली, रस्ता पोटाखालून सरकत राहिला.

"आरेती," रेडिओवर स्टामाता म्हणाली, "एकटीच हसतेयस ना?"

"नाही."

"रेडिओचं बटण दाबलेलं राहिलंय, बये. सगळ्यांना ऐकू येतंय."